गोळीचे वजन, दारूची चाल

लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूककारांनी १९१२ साली .३७५ बोअरचे एक नवे काडतूस बाजारात आणले आणि त्यासाठी तीन वजनांच्या गोळ्या देऊ केल्या : २३५ ग्रेन, २७० ग्रेन आणि ३०० ग्रेन. ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. तेव्हा सर्वांत हलकी गोळी सव्वापंधरा ग्रॅमची आणि सर्वांत जड साडेएकोणीस ग्रॅमच्या आसपासची. नळीतून बाहेर पडतानाचे त्यांचे वेग सेकंदाला अनुक्रमे २८००, २६५० आणि २५०० फूट असे सांगितले गेले. शाळेतले सूत्र लावून ऊर्जा काढली की गंमत दिसते. हलकीची सुमारे ४०९० फूट-पौंड, मधलीची ४२१०, जडची ४१६०. तिन्हींत तीन टक्क्यांपलीकडे फरक नाही. ऊर्जेच्या हिशेबाने त्या एकाच मोलाच्या ठरतात, आणि तरीही रानम्हशीसमोर २३५ ग्रेनची गोळी भरून उभा राहणारा अनुभवी शिकारी आफ्रिकेत शोधून सापडणे अवघड. कागदावरचा आकडा आणि रानातला अनुभव यांच्यात एवढी फारकत असेल, तर आकडा चुकीच्या गोष्टीचे माप घेतो आहे असेच म्हणावे लागते. मध्यम बोअरच्या रायफलीसाठी काडतूस ठरवताना सुरुवात गोळीपासून व्हावी, वेगापासून नव्हे. आणि दारू गोळीच्या मागून निवडावी, तीही किती पळवते यापेक्षा दर वेळी किती एकसारखी वागते हे पाहून. या लेखात मांडायचे आहे ते एवढेच, पण त्याला पुरावे बरेच आहेत आणि आक्षेपही.

मध्यम बोअर म्हणजे ढोबळमानाने .३३ ते .४२ इंचांच्या दरम्यानची नळी. हरणासाठी गरजेपेक्षा मोठी, हत्तीसाठी जेमतेम पुरणारी, आणि मधल्या सगळ्या जनावरांना चालणारी. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, त्यामुळे हा विषय आज पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेचा, अलास्काचा, ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागाचा आहे. पण या रायफलींच्या जडणघडणीत हिंदुस्थानचा हात मोठा. १९०७च्या सुमारास इंग्रज सरकारने .४५० बोअरच्या रायफली आणि गोळ्या इथे आणण्यावर बंदी घातली, कारण त्या गोळ्या बंडखोरांच्या हाती पडलेल्या जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री बंदुकांत वापरता येतील ही भीती. त्यातून .४६५, .४७०, .४७५ अशी चमत्कारिक मापे जन्माला आली. मध्यम बोअर या भानगडीतून सुटले. जिम कॉर्बेट यांच्याकडे .४५०/४०० ही दुनळी होती. नावात ४५० असले तरी तिची गोळी .४१ इंचांची, ४०० ग्रेनची आणि वेग सेकंदाला २१०० फुटांच्या आसपास. तिची ऊर्जा काढली तर पुन्हा चार हजार फूट-पौंडांच्या जवळच येते. म्हणजे २८०० फुटांनी जाणारी पंधरा ग्रॅमची गोळी आणि २१०० फुटांनी जाणारी सव्वीस ग्रॅमची गोळी, दोघींचा ऊर्जेचा आकडा जवळजवळ एकच. वाघामागे पायी जाणाऱ्याने यातली दुसरी का पत्करली असेल, हे ऊर्जेच्या आकड्याला सांगता येत नाही.

सांगता येते ते दुसऱ्या दोन आकड्यांना. पहिला संवेगाचा, म्हणजे वजन गुणिले वेग. ३०० ग्रेनच्या गोळीचा संवेग २३५ ग्रेनच्या गोळीपेक्षा चौदा टक्क्यांनी जास्त भरतो. दुसरा सेक्शनल डेन्सिटीचा : गोळीचे पौंडांतले वजन भागिले इंचांतल्या व्यासाचा वर्ग. गोळीच्या तोंडाच्या प्रत्येक चौरस इंचामागे किती वजन उभे आहे, याचा हा हिशेब. .३७५ बोअरमध्ये २३५ ग्रेनला तो ०.२३९ येतो, २७० ग्रेनला ०.२७४, आणि ३०० ग्रेनला ०.३०५. हलक्या आणि जड गोळीत इथे अठ्ठावीस टक्क्यांचा फरक आहे. कातडे, स्नायू आणि हाड ओलांडून फुप्फुसांपर्यंत किंवा हृदयापर्यंत पोचायचे तर वाटेत वेग झपाट्याने संपतो. उरते ते वजन. रेड्याचा खांदा फोडून पलीकडच्या फुप्फुसापर्यंत जाणे आणि खांद्यातच थांबणे यात मेलेले जनावर आणि जखमी होऊन झाडीत दबा धरून बसलेले जनावर इतके अंतर असते.

याला सर्वांत गाजलेला आधार म्हणजे वॉल्टर ‘कारामोजो’ बेल. या स्कॉटिश शिकाऱ्याने हजारावर हत्ती मारले आणि त्यातले बरेचसे .२७५ रिग्बीने, म्हणजे सात मिलिमीटरच्या माउझरने. लहान बोअरच्या कैवाऱ्यांचा तो लाडका दाखला. पण बेल वापरत असे ती गोळी १७३ ग्रेनची, लांबलचक, बोथट तोंडाची आणि पूर्ण कवचाची होती. तिची सेक्शनल डेन्सिटी काढून पाहावी : ०.३०६. म्हणजे जवळजवळ .३७५ च्या ३०० ग्रेनच्या गोळीइतकीच, फरक फक्त तिसऱ्या दशांशात. बेलने बोअर लहान घेतले, पण गोळी त्या बोअरमधली सर्वांत जड घेतली. शिवाय हत्तीच्या कवटीत मेंदू नेमका कुठे असतो याचा त्याने केलेला अभ्यास दंतकथा व्हावा इतका पक्का होता. हलक्या आणि वेगवान गोळीच्या बाजूने त्याचे नाव घेणे म्हणजे साक्षीदाराने जे सांगितले त्याच्या उलट ऐकणे.

वेगवान गोळीच्या बाजूने खरा दाखला हवा असेल तर तो वेगळाच आहे. .३७५ ज्या वर्षी आले त्याच १९१२ साली अमेरिकेत सॅव्हेज कंपनीने .२२ हाय-पॉवर काढले : ७० ग्रेनची चिमुकली गोळी, वेग २८०० फूट. चीनमधल्या फुजियान प्रांतातल्या हॅरी काल्डवेल नावाच्या मिशनऱ्याने या रायफलीने वाघ मारले आणि त्याचा बराच बोलबाला झाला. घटना खरी आहे, निष्कर्ष मात्र तपासून घ्यायला हवा. वाघाचे कातडे पातळ, बरगड्या बारीक. जवळून छातीत शिरलेली वेगवान गोळी आत फुटते आणि अनर्थ करते. तीच गोळी खांद्याच्या जाड हाडावर बसली तर बाहेरच चुरा होते. शिवाय अशा रायफलीने ज्यांचा वाघ जखमी झाला आणि उलटला, त्यांच्यापैकी किती जणांना नंतर लेख लिहायची संधी मिळाली असेल, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. यशाच्या कथा जपल्या जातात. अपयशाच्या कथा सांगायला बऱ्याचदा माणूस उरत नाही.

इथवर बोललो ते कागदावरच्या वजनाबद्दल. पण गोळी जनावरात शिरल्यावर तिचे वजन तेवढेच राहते असे नाही, आणि बहुतेक वाद याच ठिकाणी घसरतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्याजवळच्या डमडमच्या शस्त्रागारात गोळीच्या टोकावरचे कवच उघडे ठेवून आतले शिसे पसरू देण्याची युक्ती केली गेली. १८९९च्या हेग परिषदेने युद्धात अशा गोळ्यांना मनाई केली. शिकारीत मात्र तेच तत्त्व रुजले, कारण जनावर लवकर मरावे यासाठी पसरणारी गोळीच लागते. अडचण अशी की पसरणाऱ्या गोळीला कुठे थांबायचे हे कळत नाही. वेग वाढवला की कवच फाटते, शिसे सुटते आणि तीनशे ग्रेनची गोळी दीडशे ग्रेनची होऊन जागीच थांबते. १९४६ साली ब्रिटिश कोलंबियात अमेरिकन शिकारी जॉन नॉस्लर यांच्या .३०० मॅग्नमच्या गोळ्या चिखल वाळून टणक झालेल्या एका मूसच्या अंगावर वरच्यावर फुटल्या. त्यावर त्यांनी मध्ये तांब्याच्या मिश्रधातूची आडभिंत असलेली गोळी तयार केली, पुढचा भाग पसरण्यासाठी आणि मागचा शाबूत राहण्यासाठी. १९४८ पासून ती पार्टिशन या नावाने विकली जाऊ लागली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की नॉस्लर यांची रायफल कमजोर नव्हती. वेग भरपूर होता. त्या वेगाला पुरून उरणारी गोळी नव्हती. रॉय वेदरबी यांनी १९५३ साली .३७८ बोअरच्या नावाने एक प्रचंड काडतूस काढले आणि ३०० ग्रेनची गोळी २९०० फुटांपर्यंत नेली, तेव्हा साध्या कवचाच्या गोळ्यांबद्दल हीच तक्रार आणखी मोठ्याने ऐकू आली. तेव्हा वजनाचा खरा अर्थ : गोळी थांबते त्या जागी उरलेले वजन.

मग जड म्हणजे किती जड? ऑस्ट्रेलियाची वुडली कंपनी .३७५ साठी ३५० ग्रेनचीही गोळी करते, तिची सेक्शनल डेन्सिटी ०.३५५ च्या घरात जाते. वरचा युक्तिवाद सरळ ताणला तर हीच उत्तम म्हणायला हवी. पण गोळी लांब झाली की ती पुंगळीत खोल बसते आणि दारूची जागा खाते, वेग घटतो, आणि एका मर्यादेखाली वेग गेला की मऊ टोकाची गोळी पसरतच नाही, आरपार छिद्र करून निघून जाते. वुडलीने मंद वेगावर पसरेल असा मऊ गाभा देऊन यावर तोड काढली आहे, दाट झाडीत जवळून मारणाऱ्यांना ती मानवते. पण एकच रायफल आणि एकच गोळी ठेवायची असेल तर .३७५ मध्ये ३०० ग्रेन ही जागा शंभर वर्षांत ढळलेली नाही, आणि मोकळ्या माळावर लांबून मारायचे असेल तर मजबूत बांधणीची २७० ग्रेन. २३५ ग्रेनची साधी, शिशाच्या गाभ्याची गोळी मला तरी या बोअरमध्ये निरर्थक वाटते. ती जे करते ते .३० बोअरची १८० ग्रेनची गोळी कमी धक्क्यात करते.

गोळी ठरली की दारूकडे वळायचे. १९१२चे हे काडतूस ज्या दारूसाठी बेतले गेले ती कॉर्डाइट होती : १८८९ साली एबल आणि ड्यूअर यांनी सिद्ध केलेले गनकॉटन आणि नायट्रोग्लिसरीनचे मिश्रण, शेवयांसारख्या लांब काड्यांच्या रूपात. पहिल्या प्रकारात नायट्रोग्लिसरीन ५८ टक्के असे. ते इतके तापायचे की नळीचे आटे झिजून जात, म्हणून पुढे ते प्रमाण ३० टक्क्यांवर आणले गेले. .३७५ ची पुंगळी लांब आणि बुडापासून मानेपर्यंत निमुळती होत जाते, खांदा नावालाच. याचे एक कारण या लांब काड्या नीट बसाव्यात हे दिले जाते. दुसरे, उन्हात तापलेली पुंगळी नळीत चिकटू नये. खांदा नावालाच असल्याने काडतूस नळीत नेमके कुठे थांबायचे हे ठरवायला बुडाशी पट्टा द्यावा लागला. पुढे ‘मॅग्नम’ म्हणजे पट्टा असे समीकरणच होऊन बसले. मुळात ती निमुळतेपणाची भरपाई होती.

कॉर्डाइट उष्णतेला फार संवेदनशील होते. इंग्लंडच्या गारठ्यात जमवलेला भार विदर्भाच्या किंवा सुदानच्या उन्हात वेगळाच दाब काढी. पुंगळी नळीच्या भिंतीला घट्ट बसे आणि ओढून निघत नसे. दुनळी मोडून नवी काडतुसे भरायची आहेत, समोर जखमी रेडा आहे, आणि पुंगळी हलत नाही. म्हणून इंग्रज कंपन्या उष्ण प्रदेशांसाठी मुद्दाम कमी दारूची काडतुसे काढत आणि तसे खोक्यावर छापत. म्हणजे ज्यांची सर्वांत धोकादायक जनावरांशी गाठ होती त्यांनी सर्वांत कमी वेग पत्करला, कारण त्यांना खात्री हवी होती. निलगिरीत अरुवनकाडूला १९०४ साली कॉर्डाइटचा कारखाना निघाला तेव्हा ही दारू हिंदुस्थानातच होऊ लागली, पण तिचा स्वभाव तोच राहिला.

आजची दारू बहुतेक नायट्रोसेल्युलोजची, लहान नळकांड्या किंवा गोळ्यांच्या आकाराची. तिची चाल, म्हणजे जळण्याचा वेग, दाण्याच्या आकारावर आणि वरच्या लेपावर ठरते : भुसा भडकन पेटतो, ओंडका सावकाश. नळकांडीच्या मधले भोक हे निव्वळ हुशारीचे काम आहे. बाहेरचा पृष्ठभाग जळून आकसत जातो तेव्हा आतला वाढत जातो आणि वायू टिकून राहतो. आता मध्यम बोअरचे वैशिष्ट्य पाहा. हॉलंड अँड हॉलंडने १९२५ साली याच पुंगळीची मान आवळून .३०० काडतूस बाजारात आणले. पोटात दारूची जागा दोन्हींत जवळपास सारखी, पण .३७५ च्या नळीचा छेद .३०० च्या जवळजवळ दीडपट. गोळी पुढे सरकताच वायूला पसरायला जागा लवकर मिळते, दाब लवकर उतरतो. त्यामुळे .३०० मध्ये शोभणारी फार मंद दारू .३७५ मध्ये अर्धवट जळते आणि नळीच्या तोंडाशी नुसता जाळ काढते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस हॉजडन यांनी विमानवेधी आणि विमानांवरील २० मिलिमीटर तोफांसाठी बनलेली उरलेली दारू ४८३१ या नावाने स्वस्तात विकली आणि लहान बोअरच्या मॅग्नम रायफलींचे भाग्य उजळले; .३७५ ला मात्र तिच्याहून एक-दोन पायऱ्या वेगाने जळणारी ४३५० किंवा त्याहून थोडी चपळ दारू जास्त मानवली. यातली सोय अशी की २७० आणि ३०० ग्रेन या दोन्ही गोळ्यांना एकाच जातीची मध्यम दारू चालते. लहान बोअरमध्ये गोळी बदलली की दारूही बदलावी लागते. इथे फारसे अडत नाही.

चाल जुळली की पुढचा प्रश्न पुंगळी किती भरते हा. चपळ दारू थोडी घालूनही वेग मिळतो, पण मग पुंगळी अर्धी रिकामी राहते आणि दारू आत इकडून तिकडे सरकते. मचाणावरून खाली नेम धरला की नळी झुकते, दारू गोळीकडे घसरते, बुडाशी असलेल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीपासून दूर जाते आणि पेटण्याचा क्षण बदलतो. त्याच रायफलीचा सपाट जमिनीवरचा बार आणि मचाणावरचा बार म्हणूनच वेगळा पडू शकतो. मानेच्या बुडापर्यंत भरणारी दारू हा दोष मुळातच संपवते. त्यानंतर उष्णता. जुन्या जातीच्या दारूत तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की वेग साधारण दोन फुटांनी वाढतो. थंड पहाट आणि भर दुपार यांच्यातला फरक चाळीस अंश धरला तरी तो ऐंशी फूट, अडीच हजारांत तीन टक्के. जनावराला त्याचा पत्ताही लागणार नाही. पण दाब वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून बराच जास्त वाढतो, आणि मुळातच कमाल मर्यादेला टेकलेला भार दुपारी ती ओलांडतो. ऑस्ट्रेलियात मुलवाला इथे बनणारी आणि हॉजडनच्या नावाने विकली जाणारी उष्णतेला दाद न देणारी दारू लोकप्रिय झाली ती याच कारणाने. तिने वेग फारसा वाढवला नाही, दुपार आणि पहाट मात्र सारखी केली.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा : हलकी गोळी सपाट जाते, नेम सोपा होतो. खरे आहे, पण किती? वर दिलेल्या वेगांनी हिशेब केला तर दीडशे यार्डांवर २३५ आणि ३०० ग्रेनच्या गोळ्यांच्या घसरणीत दोन इंचांचाही फरक पडत नाही. केप बफेलोवर, म्हणजे आफ्रिकेतल्या रानम्हशीवर, बार शंभर यार्डांच्या आतच होतात. तीनशे यार्डांवर फरक जाणवतो, पण तिथे .३७५ घेऊन जाणाऱ्याने हत्यारच चुकीचे निवडलेले असते. दुसरा आक्षेप धक्क्याचा, आणि हा मी गंभीरपणे घेतो. ऊर्जा सारखी असली तरी धक्का संवेगावर ठरतो, म्हणून जड गोळी खांद्याला जास्त लागते. जो माणूस धक्क्याला भिऊन घोडा झटक्याने ओढतो त्याच्या हातात कुठलीच गोळी उपयोगाची नाही. मात्र धक्क्यात दारूच्या वजनाचाही वाटा असतो, कारण तिचा वायू गोळीपेक्षाही जास्त वेगाने नळीबाहेर पडतो. वेगाचा शेवटचा शंभर फुटांचा हव्यास सोडून भार थोडा कमी केला की हा वाटा आटोक्यात येतो आणि ३०० ग्रेनची गोळी आपले काम करतच राहते. तिसरा आक्षेप कायद्याचा : नामिबियासारखा देश धोकादायक जनावरांसाठी किमान ५४०० जूल अशी अट घालतो, सरकारच ऊर्जा मोजते, मग तुम्ही कोण? पण कायद्याला तपासता येईल असा आकडा लागतो, एवढाच त्याचा अर्थ. २३५ ग्रेनची गोळी ५५४५ जूल देते आणि ३०० ग्रेनची ५६४०. अट दोघी पार करतात. कोणती घ्यावी हे अट सांगत नाही, तिला ते सांगायचेही नाही.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आणि सर्वांत नवा. शिशाचे कण खाऊन गिधाडे आणि गरुड मरतात म्हणून कॅलिफोर्नियाने २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या. डेन्मार्कने २०२४ मध्ये रायफलीसाठीही तेच केले. जागा घेतली ती अखंड तांब्याच्या गोळीने, जी बार्न्स कंपनीने १९८९ पासूनच विकायला काढली होती. ही गोळी पाकळ्यांसारखी उमलते आणि जवळजवळ सगळे वजन राखते. तांब्याची २३५ किंवा २५० ग्रेनची गोळी शिशाच्या ३०० ग्रेनइतकी खोल जाते, तर वजनाचा आग्रह कोलमडत नाही का? माझ्या मते उलट होते. शिशाची ३०० ग्रेनची गोळी वाटेत चौथा हिस्सा गमावते तेव्हा तिचे सव्वादोनशेच उरतात; तांब्याची २३५ ग्रेनची तेवढीच घेऊन पोचते. निकष तोच, उरलेल्या वजनाचा. बदलला तो खोक्यावर छापलेला आकडा, आणि त्या आकड्याला फार मान देऊ नये हे नॉस्लर यांच्या मूसनेच शिकवले होते.

दारूच्या बाजूने मात्र तांबे नवे पेच घालते. तांब्याची घनता ८.९६, शिशाची ११.३४, सारख्या वजनाची तांब्याची गोळी बरीच लांब होते. नळीतल्या आट्यांना तिला स्थिर ठेवायचे असते ते लांबीनुसार, वजनानुसार नव्हे, आणि .३७५ च्या आट्यांचा बारा इंचांत एक फेरा शिशाच्या ३०० ग्रेनच्या काळातला आहे. शिवाय मॅगझिनच्या लांबीमुळे काडतूस सुमारे ३.६ इंचांपेक्षा लांब करता येत नाही, म्हणून लांब गोळी आत ढकलावी लागते आणि तेवढी दारू कमी बसते. तांबे शिशापेक्षा कडक असल्याने आट्यांत घुसताना अडतेही जास्त. पहिल्या पिढीच्या गोळ्या नळीत तांब्याचा थर सोडत, म्हणून पुढच्या पिढीत अंगावर गोल खाचा पाडाव्या लागल्या. दारूच्या कंपन्या आपल्या तक्त्यांत आता नुसते वजन न देता गोळीचे नाव आणि बांधणीही देतात. २७० ग्रेनच्या शिशाच्या गोळीपुढे छापलेला भार २७० ग्रेनच्या तांब्याच्या गोळीला लावता येत नाही.